घरातले गावकूस



गावकूस म्हणजे काय, हे आपणांस कोणी शब्दकोशातून समजावून सांगण्याचे कारण नाही. आपल्या आजा-पणजांनी त्या भिंतीबाहेर पिढ्यान्‌पिढ्या काढल्या. पाणवठा वेगळा, वाट वेगळी, बसण्याची जागा वेगळी. आणि या वेगळेपणाचे कारण विचारले तर एकच उत्तर ठरलेले असे, की हे तुमच्या पूर्वजन्मीच्या कर्माचे फळ आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भूमीवर बाबासाहेबांनी आणि त्यांच्या लक्षावधी अनुयायांनी ते उत्तर कायमचे नाकारले. त्यानंतर ज्या ज्या कुटुंबांनी धम्मदीक्षा घेतली, आणि आपल्यापैकी ज्यांनी ती अगदी अलीकडे घेतली, त्या सर्वांनीही तेच उत्तर नाकारले आहे.

परंतु आज आम्हास ज्या गावकुसाविषयी बोलावयाचे आहे, ते गावाने बांधलेले नाही. ते आपण आपल्याच घरात बांधले आहे. हिंगणी असो, सेलू असो, वर्धा-नागपूरच्या वस्त्या असोत, ज्या घरात दृष्टी नसलेले, ऐकू न येणारे, पायाने अधू किंवा बुद्धीची वाढ मंद असलेले मूल आहे, त्या घरी पाहुणे आले की ते मूल मागच्या खोलीत जाते. बहिणीच्या सोयरिकीची बोलणी चालू असली की त्याने अंगणात येऊ नये, अशी सर्वांचीच इच्छा असते. जयंतीच्या मिरवणुकीत सारी वस्ती निघते, पण ते दाराशी बसून केवळ आवाज ऐकते. अशी ही मुले पाहता पाहता अठरा-वीस वर्षांची होतात. त्यांच्या वयाची इतर मुले शाळा, कॉलेज, रोजगार, संसार अशा पायऱ्या चढत असतात, आणि ही मात्र जेथे बसविली तेथेच बसलेली असतात.

याचे कारण विचारले तर पुष्कळदा जे उत्तर ऐकू येते, ते ऐकून मान खाली घालावी लागते. 'गेल्या जन्मी काही केले असेल,' असे शेजारी म्हणतात, आणि आईही मनोमन तसेच मानू लागते. ज्या तर्काने आपणांस अस्पृश्य ठरविले, तोच तर्क आपण आपल्या लेकराला लावावा, याहून मोठी विसंगती ती कोणती? 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माने या जन्मीची स्थिती ठरते या मताची कठोर चिकित्सा केली आहे, आणि ते मत बुद्धाचे असूच शकत नाही असा निष्कर्ष काढला आहे. अपंगत्वाची कारणे याच जन्मातील आहेत आणि ती शोधता येतात. बाळंतपणाच्या वेळी बाळाला प्राणवायू कमी पडणे, मेंदूज्वर, गर्भारपणातील संसर्ग, आनुवंशिक दोष, कुपोषण, अपघात, वेळेवर न मिळालेले उपचार ही ती कारणे होत. यांपैकी कित्येक टाळता येतात, आणि जी टळत नाहीत त्यांचे दुष्परिणाम कमी करता येतात. पाप मानले की उपाय खुंटतो. कारण मानले की उपाय सुचू लागतो.

आता कायद्याच्या अंगाने हा प्रश्न पाहू. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे मनुस्मृतीचे दहन झाले, हे आपल्या मुलांनाही ठाऊक आहे. त्या ग्रंथाने शूद्रातिशूद्रांवर काय लादले, हे आपण जाणतो. परंतु त्याच ग्रंथाच्या नवव्या अध्यायात जन्मांध, बहिरे, मुके, वेडे अशांना वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा देऊ नये, केवळ अन्नवस्त्र द्यावे, असाही नियम सांगितला आहे, याकडे आपले फारसे लक्ष गेलेले नाही. हा नियम नुसता पोथीत राहिला नव्हता. इंग्रजी अमदानीतील न्यायालयांतही हिंदू कायदा म्हणून तो चालत होता. १९२८ च्या अधिनियमाने तो बराचसा मोडला, परंतु जन्मापासून वेडा किंवा जडबुद्धी असलेल्या माणसाविषयीचा अपवाद तेव्हाही शिल्लक ठेवला. जून १९५६ मध्ये अमलात आलेल्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम २८ ने मात्र रोग, दोष किंवा व्यंग या कारणाने कोणासही वारसाहक्क नाकारता येणार नाही, असे निःसंदिग्ध सांगितले. हा अधिनियम बौद्धांनाही लागू आहे, हे नवदीक्षित कुटुंबांनी विशेषत्वाने लक्षात ठेवावे. धर्मांतराने अपंग मुलाचा वा मुलीचा वाटा तिळमात्र कमी होत नाही.

असे असूनही व्यवहारात काय घडते? वडील वारल्यावर सातबाऱ्यावर वारसांची नोंद करताना मुक्या बहिणीचे किंवा मतिमंद भावाचे नाव सांगितलेच जात नाही, किंवा तिचा अंगठा घेऊन हक्कसोडपत्र करून घेतले जाते. वकिलीच्या व्यवसायात अशी प्रकरणे आमच्यापुढे वारंवार येतात. घरच्या माणसांस विचारले तर ती प्रामाणिकपणे म्हणतात, 'साहेब, त्याला खाण्याल्यायला आम्ही काही कमी करत नाही.' वाचकहो, हे उत्तर पुन्हा एकदा वाचा. अन्नवस्त्र द्यावे, वाटा देऊ नये, हा जो नियम महाडला जाळला, तोच हा!

ज्या वर्धा जिल्ह्यात आपण राहतो, त्याच जिल्ह्याने या बाबतीत देशाला एक धडा दिलेला आहे. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये कुष्ठरोग्यांसाठी कुष्ठधाम उभारले. समाजाने हाकलून दिलेल्यांना आसरा देणारी ती गावाबाहेरची वसाहत होती. त्यानंतर याच जिल्ह्यातील हिंगणघाट येथे जन्मलेल्या बाबा आमटे यांनी, वकिलीचा व्यवसाय सोडून, शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ आनंदवन वसविले. तेथे कुष्ठमुक्तांनी स्वतःच्या श्रमाने विहिरी खणल्या, शेती पिकविली, आणि पुढे अंध, मूकबधिर व अस्थिव्यंग मुलांसाठी शाळा व उद्योगशिक्षणाचे संधिनिकेतन तेथेच उभे राहिले. दान नको, काम हवे, ही गोष्ट आनंदवनाने महाराष्ट्राला प्रत्यक्ष दाखवून दिली.

परंतु तिसरा टप्पा आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे आणि त्याची आठवण सर्वांत कमी काढली जाते. १९५१ मध्ये वर्ध्यास गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन ही संस्था स्थापन झाली. तिचे डॉ. वारदेकर यांनी विचार केला की रोग्यास वसाहतीत आणून ठेवण्यापेक्षा कार्यकर्त्यानेच गावात जावे. घरोघर पाहणी करावी, लोकांना रोगाविषयी खरी माहिती द्यावी, आणि रोग्यास त्याच्याच घरी औषध द्यावे. सर्वेक्षण, शिक्षण व उपचार अशी ती त्रिसूत्री होती. तिच्यामुळे हजारो माणसांना आपले घर, शेत आणि पोरेबाळे सोडावी लागली नाहीत. १९५५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रमाने हाच मार्ग पत्करला. कुष्ठरोगासारख्या त्या काळी सर्वांत भयंकर मानल्या गेलेल्या व्याधीच्या बाबतीत जर गावातच राहून उपाय होऊ शकला, तर चालता न येणाऱ्या तरुणासाठी वा कमी ऐकू येणाऱ्या मुलीसाठी तो का होऊ नये?

याचा अर्थ संस्था नकोत असा कोणी घेऊ नये. ज्यांना घरच नाही, त्यांना संस्था हेच घर होय. अमरावती जिल्ह्यात वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी बेवारस टाकून दिलेल्या मतिमंद व अपंग मुलांचे बालगृह चालविले; त्यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी, तेथे वाढलेली एक दृष्टिहीन मुलगी महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली. जन्मदात्यांनी टाकलेली मुलगी जर इतकी पुढे जाते, तर ज्यांना आईबाप, भाऊबहीण आणि सारी वस्ती आहे त्यांनी किती पुढे जावे! कोठे अडते, याचा विचार ज्याने त्याने आपल्या घरात करावा.

आता कायदा आपल्या हाती काय देतो ते सांगतो. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ४१ मध्ये आजार व अपंगत्व अशा प्रसंगी सार्वजनिक साहाय्याचा हक्क उपलब्ध करून देण्याचा निर्देश राज्यास दिला आहे. त्या निर्देशास पहिले व्यापक कायद्याचे रूप १९९५ मध्ये मिळाले. २००६ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारास भारताने २००७ मध्ये मान्यता दिली, आणि त्यास अनुसरून दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ झाला. यात अपंगत्वाचे २१ प्रकार मानले आहेत. कलम ५ म्हणते की दिव्यांग व्यक्तीस समाजात राहण्याचा हक्क आहे. कलम १३ अन्वये तिला इतरांच्या बरोबरीने मालमत्ता धारण करण्याचा व वारशाने मिळविण्याचा हक्क आहे. अपंगत्व ४० टक्के वा त्याहून अधिक असल्यास सहा ते अठरा वर्षांपर्यंत शेजारच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण (कलम ३१), सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा व वयात पाच वर्षांची सवलत (कलम ३२), सरकारी नोकरीत ठरावीक प्रकारांसाठी ४ टक्के जागा (कलम ३४), आणि घरकुल, शेतजमीन व दारिद्र्यनिर्मूलनाच्या योजनांत ५ टक्के वाटा (कलम ३७) मिळतो.

कलम ९२ कडे तर आपले लक्ष विशेष वेधले पाहिजे. दिव्यांग व्यक्तीचा लोकांदेखत हेतुपुरस्सर अपमान करणे हा सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कारावासाचा गुन्हा आहे. ही भाषा आपल्या ओळखीची आहे, कारण १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात ती आपल्याचसाठी लिहिली गेली. जातीवरून हाक मारली तर आपले रक्त उसळते. तेच आपण वस्तीतल्या पोराला 'लंगड्या', 'मुक्या', 'येड्या' अशी हाक मारतो आणि तो हसतो म्हणून त्याला ते आवडते असे समजतो. आपले वाडवडीलही पुष्कळदा असेच हसले होते, याचे विस्मरण होऊ देऊ नका.

एक शंका नवदीक्षित कुटुंबांकडून नेहमी येते, ती ही की धर्म बदलल्याने या सवलती जातील काय? दिव्यांगांचे हक्क धर्म पाहत नाहीत व जातही पाहत नाहीत. शिवाय १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातीतील बौद्धांना केंद्राच्याही सवलती मिळाल्या, आणि दिव्यांगांचे आरक्षण हे समांतर आरक्षण असल्याने एकाच उमेदवारास दोन्ही हक्क मागता येतात. न्यायालयेही या बाबतीत पुढे गेली आहेत. २०२० मध्ये आर्यन राज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की अपंग व्यक्ती याही सामाजिकदृष्ट्या मागासलेल्या असल्याने अनुसूचित जाती-जमातींना जी सवलत मिळते ती त्यांनाही मिळाली पाहिजे. २०२४ मध्ये महाराष्ट्रातील ओंकार गोंड या विद्यार्थ्याच्या प्रकरणात, केवळ अपंगत्वाची टक्केवारी पाहून वैद्यकीय शिक्षणाचा दरवाजा बंद करता येणार नाही, विद्यार्थी तो अभ्यासक्रम पुरा करू शकेल की नाही हे तपासले पाहिजे, असा निर्णय झाला. मार्च २०२५ मध्ये तर दृष्टिहीन उमेदवारासही न्यायाधीशपदापासून केवळ दृष्टिहीन म्हणून दूर ठेवता येणार नाही, असे ठरले.

या साऱ्या हक्कांची किल्ली म्हणजे अपंगत्वाचे प्रमाणपत्र व त्यावरील वैश्विक ओळखपत्र. ते नसेल तर अधिनियमातील बहुतेक कलमे आपल्या मुलापुरती कोरी राहतात. आणि वय कोणासाठी थांबत नाही. अठरा वर्षे उलटली की मोफत शालेय शिक्षणाचा हक्क संपतो. नोकरीच्या परीक्षांची वयोमर्यादा उलटली की तीही वाट बंद होते. मतिमंदत्व, स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात किंवा बहुविकलांगता असलेल्या मुलाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. मूल अठरा वर्षांचे झाले की आईबापांचे नैसर्गिक पालकत्व कायद्याने सरते. अशा वेळी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाखाली, जिल्हाधिकाऱ्यांचा समावेश असलेल्या स्थानिक स्तर समितीकडे पालक नेमण्यासाठी अर्ज करता येतो. त्याच न्यासाच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा मिळतो. 'आमच्यामागे याचे कसे होईल,' ही आईबापांची चिंता खरी आहे. परंतु ती उशाशी घेऊन रात्र रात्र जागण्यापेक्षा दिवसा एक अर्ज करणे अधिक उपयोगाचे आहे.

विदर्भातील आपल्या समाजाने एका गोष्टीकडे आणखी लक्ष दिले पाहिजे. ती म्हणजे सिकलसेल. हा रक्ताचा आनुवंशिक आजार विदर्भातील अनुसूचित जाती व आदिवासी कुटुंबांत मोठ्या प्रमाणात आढळतो. २०१६ च्या अधिनियमाने त्यास अपंगत्वाच्या २१ प्रकारांत स्थान दिले आहे. हाडांत व सांध्यांत असह्य वेदना, वारंवार ताप, अंगात रक्त कमी, यांमुळे मूल शाळेस मुकते आणि मास्तर त्यास आळशी म्हणतात. बाहेरून अवयव धड दिसतात म्हणून कोणी त्यास अपंग मानीत नाही. त्याच्या प्रमाणपत्रासाठी जरूर प्रयत्न करा. मात्र सरकारी नोकरीतील ४ टक्क्यांत हा आजार मोडत नाही, शिक्षणातील ५ टक्क्यांत प्रमाणपत्रधारकास हक्क आहे, हा भेद लक्षात ठेवा. भरपूर पाणी, संसर्गावर तत्काळ उपचार आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली हायड्रॉक्सियुरियासारखे औषध यांनी वेदनांचे झटके पुष्कळ कमी होतात. आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात मूल आजारी होण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून लग्नाआधी मुलाने व मुलीने दोघांनीही रक्त तपासावे. केवळ वाहक असणे म्हणजे आजारी असणे नव्हे. त्या कारणाने एकट्या मुलीलाच नाकारणे हा नवा विटाळ होय.

तेव्हा वस्तीने काय करावे? वारदेकरांची त्रिसूत्री हाताशी आहेच. प्रथम विहाराच्या समितीने, महिला मंडळाने व तरुणांनी मिळून घरोघर जावे आणि घरच्यांच्या व त्या तरुणाच्या संमतीने एक यादी करावी. कोणास प्रमाणपत्र आहे, कोणास नाही, कोणाची शाळा सुटली, कोणास कुबडी, श्रवणयंत्र वा तीनचाकी हवी, हे तीत लिहावे. दुसरे, ज्यांस प्रमाणपत्र नाही त्यांचे अर्ज भरून द्यावेत आणि तपासणीच्या दिवशी सर्वांना मिळून एका गाडीने वर्ध्यास न्यावे. हिंगणी तर बोर धरणाच्या वाटेवरचे, जंगलाच्या काठचे गाव. तेथून एकट्या आईने मोठ्या झालेल्या मुलास कडेवर घेऊन सेलू, सेलूहून वर्धा असे खेटे घालावेत आणि एक दिवसाची मजुरी बुडवावी, तेव्हा ती दुसऱ्या खेपेस जाणार नाही, यात नवल काय? दहाजण मिळून गेले तर खर्च विभागतो आणि धीरही वाढतो. तिसरे, बालआरोग्य तपासणीचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा येते. त्या दिवशी असे मूल घरी ठेवू नये, सर्वांआधी पुढे करावे.

चौथे, ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाच्या पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावी, असा शासनाचा आदेश आहे. ग्रामसभेत उभे राहून, गेल्या वर्षी ही रक्कम किती होती व कोठे खर्च झाली, असा लेखी प्रश्न विचारावा. पाचवे, आपल्या विहाराच्या पायऱ्या पाहाव्यात. एक फूट उंचीस बारा फूट लांबीचा उतार केला तर तीनचाकी आत येते. सिमेंटच्या चार पोत्यांचे आणि दोन दिवसांच्या श्रमदानाचे ते काम आहे. ज्या विहारात वस्तीतला एक तरुण शिरू शकत नाही, त्यावर सर्वांसाठी खुले असे लिहिता येणार नाही. सहावे, सायंकाळचा अभ्यासवर्ग सुरू करावा. दृष्टिहीन मुलास पाठ वाचून दाखविण्याचे, ऐकू न येणाऱ्या मुलीकडून हातांची भाषा शिकून घेण्याचे काम त्यांच्याच वयाच्या मुलांकडे द्यावे. वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रयत्नाने गावोगाव किशोरी पंचायती उभ्या राहिल्या. कोवळ्या मुलीही गावाचे काम करू शकतात, हे त्यांनी दाखविले आहे.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे या कामाच्या समितीत त्या तरुणांस स्वतः बसवावे. आपल्याविषयीचे निर्णय आपल्यावाचून होऊ नयेत, हे जगभरच्या अपंगांच्या चळवळीचे मागणे आहे. ते आपणांस नवीन नाही. आमचे प्रतिनिधी आम्हीच निवडू, असे बाबासाहेबांनी गोलमेज परिषदेत सांगितले, ते याच तत्त्वावर. पाय नसलेल्या तरुणास कोणते काम हवे हे त्यास विचारा. दृष्टी नसलेल्या मुलीस लग्न करावयाचे आहे की शिकावयाचे आहे, की दोन्ही, हे तिला विचारा. मुलीच्या अब्रूची भीती दाखवून तिला घरात कोंडणे हा उपाय नव्हे. तिच्यासोबत शाळेपर्यंत जाणाऱ्या चार मैत्रिणी हा उपाय होय.

कोणी म्हणेल, आधीच पोटाची भ्रांत, त्यात हे कोठून निभावणार? परंतु वर सांगितलेल्या कामांपैकी बहुतेकांस पैसा थोडा व माणसे अधिक लागतात, आणि माणसांची आपल्या वस्तीत वाण नाही. २०११ च्या जनगणनेत एकट्या महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यांच्यासाठी डिसेंबर २०२२ मध्ये राज्याने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही निर्माण केला. तो विभाग आपल्या मागच्या खोलीपर्यंत आपण होऊन येणार नाही. तेथवरचा दरवाजा आतूनच उघडावा लागेल.

येत्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर सतरंजी गुंडाळण्यापूर्वी एक कोरी वही उघडा आणि पहिले नाव लिहा. तो तरुण वा ती तरुणी त्या वेळी विहारात हजर असेल, अशी व्यवस्था मात्र आधी करा.